टोलमाफी मिळाली, तारेचे काय?

22 ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर विद्युत मोटारींना टोल माफ झाला. राज्य शासनाच्या 2025 च्या धोरणातील एक तरतूद प्रत्यक्षात उतरली, याबद्दल अभिनंदन करण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु नाहूरच्या गृहसंकुलातील मोटार सेतूपर्यंत पोहोचण्याआधी तिच्यात वीज भरावी लागते. अभिनंदनाच्या भाषणांत त्या विजेचा उल्लेखही नसतो!

भांडुप आणि मुलुंडच्या मधले नाहूर महावितरणच्या क्षेत्रात येते. या पट्ट्यातील कारखाने गेले आणि त्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. समजा, अशा एका संकुलात 40 विद्युत मोटारी आहेत. कार्यालयातून परतून रात्री 8 वाजता प्रत्येकाने 7.4 किलोवॅटचा चार्जर लावला, तर एकाच वेळी जवळजवळ 300 किलोवॅटचा भार पडेल. त्याच वेळी घरोघरचे दिवे, एसी आणि लिफ्टही चालू असतात. रोहित्राने हा ताण किती सोसावा? दुसरा हिशेब पाहावा. दिवसाला 40 किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साधारण 7 युनिट वीज पुरते. रात्री 11 ते सकाळी 6 या सात तासांत आळीपाळीने ती भरली, तर त्याच 40 मोटारींचा भार 40 किलोवॅटच्या आसपास राहतो. गाड्या त्याच, वीज तेवढीच, फरक शिस्तीचा! त्यासाठी कोणाला जागरण करावे लागत नाही. भार वाटून देणारे चार्जर बाजारात मिळतात.

मात्र संस्थांच्या कार्यकारिणी आधी आगीच्या भयाने नकार देतात आणि नंतर ज्याची त्याची वायर ज्याच्या त्याच्या मीटरपासून ओढू देतात. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वाहनासाठी स्वतंत्र जोडणीचा मार्ग मोकळा केला. हक्क मिळाला, हे उत्तम. पण हक्काने रोहित्राची क्षमता वाढत नाही. आधी अर्ज करणाऱ्याचे काम होईल. मागाहून येणाऱ्याने, म्हणजे बहुधा स्कूटर घेणाऱ्या मध्यमवर्गीयाने, वाढीव भाराचा खर्च का सोसावा?

दराचीही तीच कथा. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील विजेवर युनिटमागे 80 पैशांची सवलत जाहीर झाली. दिवसा सौरवीज मुबलक असते, तेव्हा विचार योग्यच. पण त्या वेळी वाहन कुठे असते? लोकलने जाणाऱ्याची मोटार घरी उभी राहते, त्याला लाभ मिळतो. सामान पोहोचवणारा तरुण आणि रिक्षाचालक तेव्हा रस्त्यावर असतात. ते घरी येतात तोवर सूर्य मावळलेला आणि मागणी शिगेला पोहोचलेली असते. बाहेरून येणाऱ्या विजेवर हे महानगर किती विसंबून आहे, हे 12 ऑक्टोबर 2020 रोजी दिसलेच. कळवा-पडघे परिसरातील 400 केव्ही वाहिन्या कोलमडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

तेव्हा दिवसाची स्वस्त वीज स्थानकाजवळच्या वाहनतळांवर, बाजारपेठांत आणि कार्यालयांच्या आवारात मिळाली पाहिजे. ते काम शासनाने आणि महापालिकेने करावे. संकुलांना एकच सामाईक जोडणी आणि भार वाटणारी यंत्रणा बंधनकारक करावी. नव्या इमारतीला वीजजोडणी देतानाच महावितरणने या भाराचा हिशेब मागावा. तळघर बांधून झाल्यावर भिंती फोडण्याचा खर्च विकासक देत नाही, तो रहिवाशांच्याच माथी येतो.