न फवारलेला पट्टा कुठे आहे?

टॉनिकची बाटली आणली, सोयाबीनवर फवारली, रास बरी झाली की आपण म्हणतो, 'औषधानं काम केलं.' अहो, पण त्या साली पाऊसही वेळेवर झाला होता, त्याचं काय? काहीच न फवारलेल्या शेजाऱ्याचंही साधलं, हे कोणी विचारत नाही. बाटलीचे पैसे मात्र उधारीच्या वहीत चढतात.

विक्रेता सांगतो, 'गावात ज्यांनी वापरलं, त्यांना उतारा जास्त पडला.' आकडा खराही असेल. परंतु महागडी बाटली घेतो कोण? ज्याच्या विहिरीला पाणी अन् जमीन भारी, तोच बहुधा. मग उतारा बाटलीचा की विहिरीचा? नुसतं पाहून हे ठरत नाही. पाहणी अगदीच वाया, असं नव्हे. प्रयोगासाठी कोणाला सिगारेट ओढायला लावता येत नाही, म्हणून तिथे डॉल आणि हिल यांनी १९५० साली लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांच्या सवयीच ताडून पाहिल्या. शेतात तशी अडचण नाही.

यावरचा तोडगा शेतातच निघाला. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या फिशर यांनी कोणत्या वाफ्याला कोणतं खत, हे चिठ्ठीवर सोडण्याची रीत घालून दिली. माणसानं निवडलं की हात चांगल्या वाफ्याकडेच जातो! पुढे क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अशीच झाली. १९४८ साली तिचा निकाल छापून आला. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. ते ५२ नसते, तर ४ हा आकडा चांगला की वाईट, कसं कळलं असतं?

तलाठी व ग्रामसेवक मंडळींना हे नवीन नाही. पीक कापणी प्रयोगात प्लॉट आपल्या मर्जीनं धरायचा नसतो, तो यदृच्छ आकड्यांवरून येतो. या पद्धतीच्या पायाभरणीत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. मग प्रात्यक्षिकाचा प्लॉट तेवढा रस्त्याकडेच्या बागायतदाराचाच का असावा? त्यात न फवारलेला पट्टा नसेल, तर त्याचा आकडा अहवालात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही घरी एवढं करा. एकाच वाणाच्या, एकाच दिवशी पेरलेल्या रानात सारख्या रुंदीचे आठ पट्टे आखा. शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांची जोडी धरा आणि दर जोडीला नाणं उडवून कोणत्यावर औषध ते ठरवा. उरलेल्यावर तेवढंच नुसतं पाणी फवारा. कडेची दोन-दोन तासं मोजणीतून सोडा, कारण वाऱ्यानं औषध उडतं. मळणी वेगवेगळी करा. वजन करणाऱ्याला कोणतं पोतं कुठलं ते सांगू नका, पोत्यांवर फक्त आकडे टाका. चारही जोड्यांत फरक एकाच बाजूला गेला, तर बाटलीचा खर्च वजा करून हिशोब मांडा. दोन इकडे, दोन तिकडे झालं, तर पुढच्या हंगामात पुन्हा करून पाहा. तोवर उधारी नको.