हिशेब कोणी मागावयाचा?

जवळजवळ चार वर्षांच्या खंडानंतर पुणे महानगरपालिकेच्या सभागृहात लोकनियुक्त सभासद पुन्हा येऊन बसले आहेत. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने निवडून दिलेल्या या १६५ सभासदांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. रस्ते, पाणी, कचरा आणि वाहतूक यांविषयी निवडणुकीत पुष्कळ आश्वासने देण्यात आली; ती कितपत पाळली जातात ते यथाकाल दिसेलच. परंतु या सभागृहाचे एक कर्तव्य असे आहे की, ज्याच्या उच्चाराने प्रचारसभेत टाळ्या मिळत नाहीत. मार्च २०२२ मध्ये पूर्वीच्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून नवे सभासद येईपर्यंत शहराच्या तिजोरीतून जो पैसा गेला, त्याचा हिशेब मागणे हे ते कर्तव्य होय.

हा आग्रह आम्ही का धरतो, हे समजण्यासाठी महापालिकेचा पैसा खर्च कसा होतो ते ध्यानात घ्यावयास हवे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने खर्चाच्या वाटेवर तीन दरवाजे ठेवले आहेत. आयुक्तांनी प्रस्ताव करावयाचा, सोळा सभासदांच्या स्थायी समितीने तो पारखावयाचा आणि जेथे कायद्यास आवश्यक वाटते तेथे मुख्य सभेने त्यावर शिक्कामोर्तब करावयाचे. प्रशासकाच्या अमदानीत या तिन्ही दरवाजांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात आल्या. आयुक्तच प्रस्ताव मांडणार, आयुक्तच स्थायी समिती म्हणून तो संमत करणार आणि आयुक्तच मुख्य सभा म्हणून त्यास मान्यता देणार. २०२५-२६ सालचा सुमारे १२,६१८ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प याच रीतीने एका टेबलावरून त्याच टेबलावर गेला. मुंबईत तर ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प असाच मंजूर झाला. अधिकारी प्रामाणिक होते की नव्हते, हा येथे प्रश्नच नाही. ते अत्यंत सचोटीचे होते असे धरून चालले तरी मूळ दोष तसाच राहतो. महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकाने आपला अहवाल आयुक्तांपुढे नव्हे, तर स्थायी समितीपुढे ठेवावा अशी कायद्याची योजना आहे. कारण ज्याचा हिशेब तपासावयाचा त्यालाच तो निर्णयार्थ सादर करणे हे हास्यास्पद होय. परंतु स्थायी समितीचे अधिकारच आयुक्तांकडे गेल्यावर नेमके तेच घडले.

आमची काही वर्षे शिक्षकी पेशात गेली आहेत. गणिताच्या वहीत उत्तर बरोबर असूनही रीत लिहिलेली नसली, तर परीक्षक पूर्ण गुण देत नाही. मुलगा रडकुंडीस येऊन म्हणतो, "पण उत्तर तर बरोबर आहे!" ते बरोबर असेलही, परंतु ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरले नाही, हे रीतीवाचून कळत नाही. सार्वजनिक पैशाचे याहून निराळे नाही.

रीत न लिहिण्याची सवय किती दूर जाते हे मुंबईने दाखविले आहे. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातील सुमारे १२,००० कोटींच्या व्यवहारांची विशेष तपासणी राज्य सरकारने देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे सोपविली. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या त्यांच्या अहवालात असे आढळले की, सुमारे २१४ कोटींची कामे निविदा न मागविताच देण्यात आली होती आणि ४,७५५ कोटींहून अधिक रकमेच्या कामांत ठेकेदाराशी करारनामाच झालेला नव्हता. करारनामा नाही म्हणजे उद्या काम बिघडले तर कशाच्या आधारे जाब विचारावयाचा? कोविडच्या काळातील सुमारे ३,५३८ कोटींच्या खर्चाची कागदपत्रे तर महापालिकेने साथरोग कायद्याकडे बोट दाखवून तपासनिसांस दिलीच नाहीत. त्या चौकशीमागे राजकारण होते, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. असेलही. प्रतिपक्षाच्या ताब्यात राहिलेल्या महापालिकेचे दप्तर तेवढे उघडावयाचे आणि इतर शहरांकडे काणाडोळा करावयाचा, यात न्यायबुद्धीपेक्षा सोयच अधिक दिसते. तथापि या आक्षेपाने अहवालातील आकडे खोटे ठरत नाहीत. अशी तपासणी केवळ सरकारच्या मर्जीने आणि निवडक ठिकाणीच का व्हावी, एवढाच प्रश्न त्यातून निघतो.

पुण्याच्या सभागृहाला हा विषय नवखा नाही. १८७६ ते १८८३ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा त्यास त्यांनी विरोध केला आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे सुचविले. मंडईच्या भव्य इमारतीवर होणारा खर्चही त्यांस अप्रस्तुत वाटत होता. पुढे याच मंडईस त्यांचे नाव देऊन पुणेकरांनी आपल्या मनाचे समाधान करून घेतले! १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात स्थानिक उपकराचा अर्धा भाग प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा अशी मागणी जोतीरावांनी केली. पैसा कोणाकडून गोळा झाला आणि तो कोणाच्या मुलांवर खर्च झाला, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

हा प्रश्न आजही करदात्याने आपल्या मिळकतकराचे बिल हाती घेऊन स्वतःस विचारून पाहावा. त्या बिलात शिक्षण उपकराची एक ओळ असते. आपल्या भागातील महापालिकेच्या शाळेत ही रक्कम जात असेल, अशी पुष्कळांची भाबडी समजूत आहे. वस्तुतः १९६२ च्या अधिनियमान्वये महापालिका हा उपकर केवळ गोळा करते व राज्य सरकारच्या खात्यात भरते. यात बेकायदा असे काही नाही. परंतु आपण शिक्षणासाठी म्हणून दिलेल्या रुपयाचे पुढे काय झाले, हे ज्याला कोठेच वाचावयास मिळत नाही, त्याला आपण कर भरतो की खंडणी, असा संशय आला तर त्यास दोष कसा द्यावा?

शाळांच्या बाबतीत तर हिशेबाची वाट गेल्या काही वर्षांत अधिकच अंधारात गेली आहे. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली शहरोशहरी शिक्षण मंडळे होती. त्यांची कीर्ती फार उज्ज्वल होती असे त्यांचे मित्रही म्हणणार नाहीत. गणवेश, दप्तरे, बाके, सहली यांच्या खरेदीवरून ओरड व्हावयाची, वृत्तपत्रांस मजकूर मिळावयाचा आणि काही दिवसांनी सारे शांत व्हावयाचे. २०१३ साली राज्याने ही मंडळे रद्द करण्याचे ठरविले व पुढे पुण्याचे मंडळही गेले. मंडळ गेले याचे आम्हांस दुःख नाही. परंतु मंडळाबरोबर खरेदी गेली नाही; ती मुख्य इमारतीतील एका खात्याच्या कपाटात जाऊन बसली. पूर्वी निदान भांडणाच्या निमित्ताने तरी आकडे बाहेर येत.

याउलट जेथे हिशेब मुलाच्या अगदी जवळ ठेवला गेला, तेथे काय होते याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांस व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरविले आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम म्हणून स्पष्टपणे लिहिले. विद्यार्थ्यांचे गणवेश या समित्या स्थानिक दुकानदाराकडून वा शिंप्याकडून घेत असत. २०२४ साली राज्य सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना अमलात आणली, चाळीस लाखांहून अधिक मुलांच्या कपड्यांची खरेदी आपल्या हाती घेतली आणि शिलाई महिला बचत गटांकडे सोपविली. शाळा जूनमध्ये उघडल्या. अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनालाही गणवेश पोहोचले नाहीत. जे पोहोचले त्यांच्या मापांविषयी तक्रारी आल्या. अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने हा निर्णय मागे घेतला व हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिले. माघार घेतली हे बरेच झाले. शाळेतील समितीच्या हाती पैसा असताना सदरा आखूड आला, तर दुसऱ्याच दिवशी मुलाची आई तो घेऊन मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहू शकत होती. मंत्रालयाच्या दारात तिने कोणापुढे उभे राहावयाचे? हिशेब तपासणारा माणूस आणि तो ज्याच्या अंगावर बसतो तो माणूस एकच असला की, लेखापरीक्षकाचे निम्मे काम होऊन जाते.

या समित्या पुष्कळदा कागदावरच असतात, हे आम्ही जाणतो. इतिवृत्ताची वही शिपायाकरवी घरोघर फिरते, मोलमजुरीस निघालेली आई कोठे सही करावयाची तेवढे विचारते आणि 'सर्वानुमते मंजूर' असा ठराव होतो. तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. ती वही वाचण्याइतकी फुरसत आणि अक्षरओळख ज्यांच्यापाशी आहे, त्यांची मुले त्या शाळेत नाहीत.

आणि येथे आम्हांस आमच्या वाचकांशीच थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपण ज्या सहकारी गृहरचना सोसायटीत राहतो तिच्या वार्षिक सभेत रखवालदाराच्या चहाचे बिल आणि जिन्यातील दिव्याची किंमत यांवर तास तास वाद होतो. जमाखर्चाचे पत्रक सर्वांच्या हाती असते व त्यातील बेरीज चुकली, तर निवृत्त गृहस्थ उभे राहून ती दाखवितात. परंतु याच गृहस्थांच्या नातवंडांपैकी एकही महापालिकेच्या शाळेत जात नाही. त्यामुळे हिशेब वाचू शकणारा वर्ग तो मागत नाही आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला तो दाखविला जात नाही. पुणे महापालिकेत २००९ सालापासून दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांस कागदपत्रे पाहू देण्याची प्रथा सुरू झाली, ती काही जागरूक नागरिकांच्या चिकाटीमुळे. ही प्रथा इतकी उपयुक्त ठरली की, नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्था यांस तिचा कित्ता गिरविण्यास सांगितले. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी असा एक सोमवार महापालिकेत घालविला आहे?

सभासद निवडून आले म्हणजे हिशेब आपोआप उजेडात येईल, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. सभासदांचीही 'स' यादी नावाची एक जुनी आवड या शहरास परिचित आहे. बाकडी, कापडी पिशव्या आणि स्वतःच्या नावाचे फलक यांवर त्या यादीतून पैसा किती सहज वाहतो, हे प्रत्येक प्रभागातील चौकाचौकांत पाहावयास मिळते. ज्यास उद्या स्वतःचा हिशेब द्यावा लागेल, तो कालच्या प्रशासकास फार अडचणीचे प्रश्न विचारीत नाही. परस्परांच्या झाकल्या मुठीचा हा अलिखित करार नव्या सभागृहाने करू नये, अशी आमची त्यास विनंती आहे. २०२२ पासूनच्या प्रत्येक वर्षाचे लेखापरीक्षण अहवाल, त्यांतील आक्षेप, आक्षेपाधीन रकमा आणि त्यांवर खात्यांनी दिलेली उत्तरे मुख्य सभेपुढे प्रकटपणे मांडली जावीत व त्यांवर विरोधी सभासदांस पुरेसा वेळ मिळावा. सत्तारूढ पक्षास बहुमत आहे, म्हणून तर हे त्याने आपणहून करावयाचे.

शाळांसाठी याहूनही सोपी गोष्ट करता येईल. प्रत्येक शाळेस वर्षभरात कोणत्या कारणासाठी किती रक्कम मिळाली, ती कोणास दिली आणि त्या पैशातून आलेली वस्तू शाळेत आहे की नाही, एवढे चार ओळींत शाळेच्या दर्शनी फळ्यावर मराठीत लिहावे व सर्व शाळांचा एकत्रित तक्ता जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रसिद्ध करावा. यासाठी नवा कायदा नको की नवी समिती नको. तरतुदी व खर्चाचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतः होऊन प्रसिद्ध करावा, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक संस्थेस कधीच बजावून ठेवले आहे.