कापड बेतण्याची विद्या

परीक्षांचे निकाल लागले, म्हणजे कोणीं कोठें जावें याचा खल घरोघर सुरू होतो. अशा वेळीं एखाद्या मुलानें, "मला पुरुषांच्या पोषाखाचें डिझाइन शिकावयाचें आहे," असें म्हटलें, कीं वडीलमाणसांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, "म्हणजे शेवटीं शिंपीच होणार ना?" या एका वाक्यांत दोन अन्याय आहेत, एक त्या मुलावर व दुसरा शिंप्यावर. ज्या नामदेवांचे अभंग महाराष्ट्र सुमारें सातशें वर्षें गात आला, त्यांच्या कुळाचा धंदा आपल्या मुलानें करावा म्हटलें, कीं मात्र आपला चेहरा उतरतो.

मुलांची समजूतही कांहीं कमी चुकीची नसते. रंगीत चित्रें, झगझगीत दिवे आणि टाळ्या एवढेंच त्यांच्या डोळ्यांपुढें असतें. कापड, कातर आणि हिशेब यांचा त्या चित्रांत पत्ताच नसतो.

आपल्या भाषेला मात्र या विद्येचें मर्म ठाऊक आहे. आपण लग्नाचा बेत करतों आणि सदऱ्याचें कापडही बेततों. ज्याला डिझाइन म्हणतात, तें हें बेतणेंच होय. कातर चालण्यापूर्वीं मनांत, कागदावर आणि मापांत जें ठरतें, तें.

पुरुषांच्या पोषाखांत या बेतण्याची खरी कसोटी लागते. कोट, सदरा, विजार यांचें ठोकळ रूप शंभर वर्षांत फारसें पालटलेलें नाहीं. पालटतो तो अर्धा इंच, आणि त्या अर्ध्या इंचावरच सारें अवलंबून असतें. नक्षी किंवा झालर यांच्याआड चूक लपवावी, तर तीही सोय येथें नाहीं. उत्तम कोटाच्या छातींत वरचें कापड व अस्तर यांच्यामध्यें लोकर आणि घोड्याचे केस मिळून विणलेलें एक कापड असतें. तें बारीक टांक्यांनीं वळवीत वळवीत बसवावें, तेव्हां छातीला गोलाई येते; बाहेरून त्यांतील एकही टांका दिसत नाहीं. आपल्याकडील जुन्या धर्तीच्या कुडत्याला बगलेंत एक लहानसा चौकोनी तुकडा जोडलेला असतो. अंग सरळ कापलेलें, बाही सरळ कापलेली, तरी हात वर केला असतां कुडतें ओढलें जात नाहीं, तें त्या तुकड्याच्या बळावर. आणि सरळ कापल्यामुळें कापडही वायां जात नाहीं. हा तुकडा प्रथम ज्यानें योजिला, त्याला कोणत्याही कॉलेजांत अध्यापक नेमावें.

परंतु समोर उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाचा कोट शिवणें निराळें आणि कधीं न पाहिलेल्या हजारों माणसांसाठीं वस्त्र सिद्ध करणें निराळें. पूर्वीं युरोपांत शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं कागदाची एक पट्टी ठेवीत व तिच्यावर खांचा पाडून मापें नोंदवीत. पुढें १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धांत सैन्यासाठीं ढिगांनीं गणवेश शिवावे लागले आणि ठराविक मापांच्या तयार कपड्यांना मोठी चालना मिळाली. आज या कामाचें स्वतंत्र शास्त्र झालें आहे. प्रथम कागदी नमुना, मग मांजरपाटाचा कच्चा सदरा, तो माणसाच्या अंगावर चढवून पाहणें, उसवणें, पुन्हां कापणें. मग त्या एका नमुन्यावरून लहानमोठीं मापें काढावयाचीं. छाती दोन इंच वाढली म्हणून गळा कांहीं दोन इंच वाढत नाहीं. प्रत्येक अवयवाचें प्रमाण निराळें. भूमिति कशाला शिकावयाची, असें वर्गांत विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें!

पुढें हिशेब. दर सदऱ्यामागें दोनच सेंटिमीटर कापड अधिक गेलें, तर १०,००० सदऱ्यांत २०० मीटर गेलें. एका सदऱ्याला दोन मीटर धरल्यास १०० सदरे हवेंत विरले. कापड धुतल्यावर आटेल किती, उभ्या धाग्याऐवजीं उरेब कापल्यास लोंबेल किती, काज टिकेल काय, हे सारे प्रश्न कारखान्याला माल धाडण्यापूर्वीं सुटावे लागतात. पदवी घेतलेल्यांपैकीं पुष्कळांना पुढें हेंच काम करावें लागतें, आणि त्यांत कमीपणा कसला? विद्यार्थ्यांच्या अंगावरचा गणवेश घ्या. प्रत्येक आई तो "वाढत्या अंगाचा" मागते. जूनमध्यें गबाळा दिसूं नये आणि मार्चमध्यें आंखूड होऊं नये अशी विजार बेतणें, ही सोपी गोष्ट नव्हे. हें कोडें सोडविणारा मुलगाच असावा असेंही नाहीं. मुलींनींही पुरुषी पोषाखाच्या या शाखेकडे अवश्य पाहावें.

शिक्षणाच्या सोयी आतां दूर राहिल्या नाहींत. निफ्ट ही सरकारी संस्था १९८६ सालीं दिल्लीस निघाली. तिची मुंबई शाखा खारघर येथें आहे. तेथील वस्त्रनिर्मितीच्या तांत्रिक पदवीला जाण्यास बारावीला गणित असावें लागतें, हें पालकांनीं विशेष पाहावें. न्यूयॉर्कची फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तर १९४४ सालीं तयार कपड्यांच्या धंद्यांतील लोकांच्याच पुढाकारानें उभी राहिली. तथापि नुसत्या कॉलेजावर माझा भरंवसा नाहीं. लंडनच्या एका टॅक्सीचालकाचा मुलगा अलेक्झांडर मॅक्वीन यानें सोळाव्या वर्षीं शाळा सोडून सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावर उमेदवारी केली. सेंट मार्टिन्स कॉलेजांतील उच्च शिक्षण त्यानें १९९२ सालीं, म्हणजे त्यानंतर, पुरें केलें. कातर आधीं हातांत बसली होती, म्हणून पुढें ती वाटेल तशी चालवितां आली.

या शिक्षणाची फी सामान्य कुटुंबास जड जाते. म्हणून कर्ज काढण्यापूर्वीं पालकांनीं कॉलेजच्या इमारतीकडे न पाहतां एवढेंच विचारावें: आठवड्यांतून किती तास मुलगा कापण्याच्या टेबलापाशीं उभा राहील? आणि ज्या मुलांना या विद्येची ओढ आहे, त्यांनीं येत्या सुटींत घरांतील एक जुना सदरा, अर्थात् विचारून, उसवावा. तुकड्यांना इस्त्री करून ते वर्तमानपत्रावर मांडावे आणि कडेनें पेन्सिल फिरवावी. मग दोरा घेऊन बाहीची वरची गोलाई मोजावी व ती जेथें बसते त्या मुंढ्याचा घेर मोजावा. दोन्हीं मापें बहुधा जुळणार नाहींत. असें कां, हें कोपऱ्यावरच्या शिंप्यास जाऊन विचारावें. गिऱ्हाइकांची गर्दी नसेल तर तो आनंदानें सांगेल.