नंबरप्लेट लावलेली ल मां रेसकार : पोर्श ९६३ आरएसपी खरंच रस्त्यावरची गाडी आहे का?

जून २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ल मां शहरात साध्या रहदारीत एक चंदेरी गाडी फिरली आणि तिचे व्हिडिओ जगभर पसरले. पोर्श ९६३ आरएसपी. पोर्श आता रेसकार विकणार, अशा पोस्टही सुरू झाल्या. तसं काही नाही. ही गाडी एकच आहे आणि ती अमेरिकेतले टीममालक रॉजर पेन्स्के यांच्यासाठी बनली. आरएसपी ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं.

मूळ ९६३ म्हणजे २४ तासांच्या शर्यतींत धावणारी हायब्रिड गाडी. ४.६ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८ इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, सुमारे ६८० हॉर्सपॉवर. रस्त्यासाठी तिची उंची वाढवली, सस्पेन्शन मऊ केलं, हॉर्न बसवला, इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर चालेल असं केलं. आत तपकिरी चामडं आणि कॉफीचा कप ठेवायला जागासुद्धा! टायर मात्र रेसचेच, पावसाळी.

मग ती ‘रोड लीगल’ कशी? इथेच खरी मेख आहे. सगळ्या सुरक्षा चाचण्या पार करून मिळणारी मान्यता तिच्याकडे नाही. फ्रेंच प्रशासनाने खास परवानगी दिली आणि कंपनीच्या नंबरप्लेटवर ती फिरली. म्हणजे परवाना त्या फेरीपुरता.

ही युक्ती जुनीच. १९७५ मध्ये काउंट रोसी यांनी पोर्श ९१७ स्टुटगार्टहून पॅरिसला रस्त्याने नेली होती. तिची नोंदणी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात झाली, अट एवढीच की गाडी अलाबामात चालवायची नाही! आरएसपीचा चंदेरी रंग त्याच गाडीवरून घेतला आहे.

१९९४ ची गोष्ट वेगळी. तेव्हा नियमच असा होता की जीटी गटात उतरायचं तर गाडीची रस्त्यावरची आवृत्ती हवी. डाऊअर या छोट्या जर्मन कंपनीने जुन्या पोर्श ९६२ ला रस्त्यालायक केलं आणि त्या आधारावर पोर्शने तीच गाडी ल मांला उतरवून शर्यत जिंकली. रस्त्यावरची गाडी ही रेससाठीची पळवाट होती. आज नियम तसं काही मागत नाहीत, त्यामुळे आरएसपी हा निव्वळ हौसेचा आणि जाहिरातीचा मामला.

पण वेळ पाहा. त्याच महिन्यात पेन्स्केंच्या टीमची ९६३ ल मांमध्ये दुसरी आली, विजेत्या फेरारीपेक्षा अवघ्या १४ सेकंदांनी मागे. पेन्स्केंनी इंडियानापोलिस ५०० अनेकदा जिंकली आहे, ल मां एकदाही नाही. ऑक्टोबरमध्ये पोर्शने जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेतून आपली फॅक्टरी टीम मागे घेत असल्याचं जाहीर केलं. ९६३ आता प्रामुख्याने अमेरिकेतल्या शर्यतींत दिसेल.