टेकू दिसू द्यावेत

फ्रान्समधल्या सँतेमिलियाँ गावाच्या चौकात उभं राहिलं की समोर चुनखडीचा कडा दिसतो. कड्यातच कोरलेलं दार, शेजारी तीन उंच खिडक्या, आणि वर कड्याच्या माथ्यावर घंटामनोरा. कळसासकट त्याची उंची 68 मीटर भरते. बोर्दोत शिकणारी माझी भाची मला तिथे घेऊन गेली ती तिथल्या द्राक्षमळ्यांसाठी. या मळ्यांसकट गावाला 1999 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मी मात्र त्या मनोऱ्याकडे बघून तिला पहिलं विचारलं, ‘‘याचा पाया कुठे आहे?’’

पुण्यात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करण्यात माझी उमर गेली, त्यामुळे असले प्रश्न आपोआप सुचतात. इथे उत्तर असं होतं की मनोऱ्याखाली पोकळी आहे. बाराव्या शतकात हा कडा आतून कोरून भलंमोठं चर्च केलं. ते सुमारे 38 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद आहे, छत अकरा-बारा मीटरवर. ना वीट, ना चुना; मूळ खडकातच सोडलेले चौकोनी खांब. पुढे याच छतावर मनोरा उभारायला घेतला आणि पिढ्यान् पिढ्या तो वर चढवत नेला. आज त्याचं वजन सुमारे 4,500 टन सांगतात, आणि त्यातलं पुष्कळसं आतल्या खांबांवर येतं.

आत स्वतःच्या मनाने शिरता येत नाही. ठरलेल्या वेळी वाटाड्याबरोबर छोटा गट जातो. डोळे अंधाराला सरावले तशी आधी गारवा आणि ओल जाणवली, मग छतावर कोरलेले चार पंखांचे देवदूत दिसले. भिंती जवळजवळ उघड्या आहेत. फ्रेंच क्रांतीच्या काळात दारूगोळ्यासाठी इथल्या भिंतींवरचा सोरा खरवडला, त्यात जुनी चित्रं गेली. आणि मग मनोऱ्याखालचे खांब समोर आले. त्यांना लोखंडी पट्ट्यांनी चहूबाजूंनी आवळलंय, जाडजूड पोलादी चौकटी बसवल्यात. वाटाड्या मुलीने तिथेच थांबून सगळं सांगितलं. चुनखडी सच्छिद्र असते, वरून पाणी मुरतं, ओल्या चुनखडीची भार पेलण्याची ताकद घटते, खांबांना तडे गेले, म्हणून 1990 च्या दशकात हे आवळण बसवलं. ती हे सांगत असताना गटातली माणसं छत सोडून खांबांकडे बघत होती. एका आजोबांनी पाणी कुठून येतं ते विचारलं. तिने छताकडे बोट करून दाखवलं.

मला हे फार मोलाचं वाटलं. बाराव्या शतकातल्या देखण्या दगडी दालनाच्या मधोमध ते लोखंड कुरूपच दिसतं, यात वाद नाही. ते दगडी रंगाने रंगवून लपवता आलं असतं, पुढे पडदा टाकता आला असता. तसं केलं नाही. ही वास्तू आजारी आहे, तिचं दुखणं अमुक आहे आणि त्यावर हा इलाज चालू आहे, हे पैसे देऊन बघायला आलेल्या माणसाला तोंडावर सांगितलं जातं.

आपल्याकडे याच्या उलट चालतं. सोसायट्यांच्या किती बैठकांत मी ऐकलंय, ‘‘मॅडम, तडा भरून आधी रंग काढून घेऊ, मग बघू.’’ गावच्या जुन्या मंदिरातही तेच होतं. काळ्या पाषाणावर ऑइल पेंट चढतो, गाभाऱ्यात गुळगुळीत टाइल बसतात, गळणाऱ्या छतावर सिमेंटचा जाड थर पडतो. सिमेंटमुळे दगडातली ओल आतच अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. श्रद्धेपोटी दिलेल्या देणगीतूनच देवळाचं नुकसान होतं आणि भक्तांना त्याचा पत्ता नसतो, कारण वरून सगळं चकचकीत दिसतं.

खडक कोरण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको. सँतेमिलियाँ गाव ज्याच्या नावाने वसलं तो साधू परंपरेनुसार 767 साली वारला. त्याच सुमारास वेरूळला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत कैलास घडत होतं. वरून खाली कोरत आणलेलं ते लेणं, डोक्यावर उघडं आकाश, शिवाय दगड बेसॉल्टचा, चुनखडीपेक्षा कितीतरी कणखर. पण बेसॉल्टलाही भेगा असतात आणि सह्याद्रीच्या पावसाचं पाणी त्यांतून लेण्यांमध्ये उतरतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं टिकल्यात. त्यांच्याखाली उभं राहून सेल्फी घेणाऱ्यांपैकी किती जणांना ते लाकूड मूळचं आहे, हे माहीत असतं? त्याला ओल आणि वाळवी यांपासून जपावं लागतं, हे त्यांना कोण सांगतं?

वास्तूचं दुखणं असं उघड सांगितलं तर लोक चिडतील, ही भीती अनाठायी आहे. 2024 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संवर्धनासाठी पदस्पर्श दर्शन काही काळ बंद ठेवलं आणि मागाहून बसवलेला ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला. वारकऱ्यांनी मुखदर्शनावर समाधान मानलं. कारण समजलं की आपली माणसं धीर धरतात, हा माझा धंद्यातलाही अनुभव आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक संरक्षित लेण्याच्या आणि मंदिराच्या दाराशी आज जो माहितीफलक असतो, त्यावर राजाचं नाव आणि शतक यांच्या खाली चार ओळी वाढवाव्यात. पाणी कुठून मुरतं, तडा कुठे आहे, शेवटची दुरुस्ती कोणत्या साली झाली आणि पुढची तपासणी कधी आहे, एवढंच मराठीत लिहावं. गर्दीच्या लेण्यांमध्ये प्रशिक्षित वाटाड्याबरोबर, ठरावीक वेळेचे छोटे गट सोडावेत, आणि ते काम त्याच तालुक्यातल्या मुलामुलींना पगारावर द्यावं. जिथे टेकू लावला असेल तिथे वाटाड्याने थांबावं आणि तो का लावला ते सांगावं.