हौद्यात माल, सीटवर माणूस

आमची मागणी एका ओळीची आहे. ज्याने मजूर बोलावला, त्याने त्याला सीटवर बसवून न्यावं.

आम्ही ऊस तोडणारे, हळद काढणारे, सळई वाहणारे, आणि आमच्या घरची माणसं. हौद्यात बसणं बेकायदा आहे, हे आम्हाला कुणी शिकवू नये. 1988 चा मोटार वाहन कायदा मालाच्या गाडीला माल नेण्याचाच परवाना देतो. नाका आला की ड्रायव्हर ताडपत्री ओढतो, बायका पोरांची तोंडं दाबून धरतात, पावती फाटते किंवा फाटत नाही, आणि गाडी पुढे जाते. या नियमाने आमचा एकही प्रवास सुखाचा झालेला नाही.

विम्याचं तर विचारूच नका. 1994 च्या दुरुस्तीने गाडीतल्या मालाच्या मालकाला आणि त्याच्या प्रतिनिधीला विम्यात घेतलं. हौद्यात प्रवासी म्हणून बसलेल्याची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये ठरवलं. पोत्याच्या मालकाला संरक्षण. पोत्यावर बसलेली म्हातारी मेली तर घरच्यांनी वर्षानुवर्षं तारखा मोजायच्या.

फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, 15 मजूर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचा सळयांचा टिपर उलटला, 13 गेले. दोन्ही गाड्या भरलेल्या होत्या आणि माणसं मालासोबत होती. म्हणून आमची पहिली अट : भरलेल्या गाडीवर माणूस चढवायचा नाही. इथे सबब चालणार नाही.

लांबच्या प्रवासाला गाडी कारखान्याने आणि ठेकेदाराने द्यावी. लग्नाच्या वऱ्हाडाला एसटी प्रासंगिक करारावर मिळते, तशी टोळीलाही मिळेल. भांडीकुंडी आणि कोपीचं सामान मागून ट्रकने येऊ द्या. 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्याने जाण्यायेण्याचं भाडं ठेकेदारावर टाकलं होतं, पण परराज्यात जाणाऱ्यापुरतंच. बीडहून बेळगावला निघालेल्याला हक्क, आणि कोल्हापूरला निघालेल्याला काही नाही! हा हक्क राज्यातल्या राज्यातही हवा.

रोजच्या शेतावरच्या फेरीबद्दल मात्र आमच्यातच एकमत नाही. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावला मजुरांचा ट्रॅक्टर विहिरीत पडून 7 बायका गेल्या. तरीही दोन एकरवाल्याकडे बस मागणं आम्हाला पटत नाही. गावागावातून सकाळ-संध्याकाळ फिरणारी गाडी पंचायत समितीने लावावी, असं काहींचं म्हणणं आहे. ते आम्ही पुढच्या बैठकीत ठरवू.

गाडी अडवली तर दंड मालकाला आणि ठेकेदाराला करा. पोराबाळांना रात्री रस्त्यावर उतरवून गाडी जप्त करू नका. दुसरी गाडी येईपर्यंत ती माणसं अडवणाऱ्याची जबाबदारी.

येत्या हंगामाची उचल घेताना मुकादमाला आधी विचारायचं : गाडी कुठली? उत्तर कागदावर आल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.