गायरानावर सोलर : हो म्हणण्याआधी सातबारा वाचा



वर्गात सौरऊर्जा शिकवताना आपण सांगतो, धूर नाही, राख नाही, सूर्य फुकट. खरंच आहे ते. आपल्या भंडारा जिल्ह्यात रात्रीच्या लाइनवर धानाला पाणी द्यायला जाणाऱ्या बापाची पोरं आपल्याच वर्गात बसतात. रानडुकराची, वाघाची भीती त्यांना पुस्तकातून शिकवावी लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून दिवसा वीज मिळणार असेल, तर मी तिच्या बाजूची आहे.

माझा आक्षेप मंजुरीच्या पद्धतीवर आहे. कोळशाचं मोठं वीज केंद्र यायचं तर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. सौर प्रकल्पाला ती अधिसूचना लागूच नाही. प्रदूषणापुरतं ते ठीक आहे, पण जमिनीचं काय? एका मेगावॅटला साधारण 4-5 एकर जागा लागते. म्हणजे 5 मेगावॅटसाठी 20-25 एकरांना तारेचं कुंपण. स्वतःचं शेत असेल तर मालक हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार भाडं बघून ठरवतो. गायरानाचं कोण ठरवणार? ज्याच्या घरी चार शेळ्या आहेत त्याला कोण विचारतं? विचारायची जागा एकच उरते, ग्रामसभा. आणि आपल्याला ती मुख्यालयी राहण्याच्या ठरावापुरतीच आठवते, हे आपल्याआपल्यात सांगते.

योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असे 3 वर्षं मिळतात. त्यातून शाळेचं छप्पर होईल, असं मलाही वाटतं. म्हणूनच आपण गप्प बसतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

विदर्भात आणखी एक भानगड आहे, झुडपी जंगल. दिसायला पडीक, पण महसुली कागदावर ही नोंद असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 22 मे 2025 च्या निकालानुसार ती वनजमीन ठरते. केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे प्रकल्प उभा करता येत नाही. ठराव करून मोकळं झाल्यावर हे कळून काय उपयोग?

तुमच्या गावात विषय निघाला तर आधी गट नंबर विचारा. सातबारा सभेत मोठ्याने वाचायला लावा. कुंपण झाल्यावर गुरं कुठून जाणार, तळ्याची वाट उघडी राहणार का, हे ठरावातच लिहून घ्या. वाचायला कोणी पुढे येत नसेल तर आपण उभं राहू. सातवीची पोरंही सातबारा वाचतात, मी वाचून घेतला आहे.